अविश्वासूंच्या पंगतीत

देव न मानणाऱ्यांसाठी ख्रिस्ती माणसाने प्रार्थना करावी, याबद्दल कुठल्याच चर्चमध्ये वाद नाही. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांसाठी आणि राजांसाठीही प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि त्या काळी सिंहासनावर होते ते ख्रिस्ताला न मानणारे रोमन सम्राट. प्रश्न त्यापुढचा आहे. मागायचे काय, आणि कुठे उभे राहून? घरातला मुलगा मिस्साला यायचा बंद झाला की आईबापांची प्रार्थना पुष्कळदा देवाकडे केलेली तक्रार होऊन बसते. मुलगा तेवढा वाट चुकलेला, आपण मात्र ठिकाणावर!

या बाबतीत लिझ्यूच्या संत तेरेजाकडून फार शिकण्यासारखे आहे.

मार्च 1887 मध्ये पॅरिसमध्ये दोन स्त्रिया आणि एक मुलगी यांचे खून झाले. आंरी प्रांझिनी नावाच्या माणसाला त्यासाठी देहदंड झाला. पश्चात्तापाचे नावच नव्हते. नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या तेरेजाने या अनोळखी खुन्याचा ध्यास घेतला. बहीण सेलिनला विश्वासात घेऊन तिने त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करवली. देव त्याला क्षमा करील याची तिला खात्री होती. तरी मनाच्या समाधानासाठी तिने एक खूण मागितली. 31 ऑगस्टला गिलोटीनखाली जाण्याच्या क्षणी प्रांझिनीने धर्मगुरूच्या हातातला क्रूस घेऊन त्याचे तीनदा चुंबन घेतले. वडिलांची मनाई असतानाही तेरेजाने वर्तमानपत्र उघडले, ही बातमी वाचली आणि तिचे डोळे भरून आले. पुढे ती त्याला आपले पहिले लेकरू म्हणे.

प्रवचनांतून बहुधा एवढेच सांगितले जाते. पण गोष्ट इथेच थांबवली तर ऐकणाऱ्याची फसगत होते. प्रार्थना केली, खूण मिळाली, असा हिशेब त्याच्या मनात बसतो आणि वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे स्वतःलाच दोष देत राहतात.

तेरेजाची दुसरी प्रार्थना यासिंत ल्वाझों यांच्यासाठी होती. कार्मेल या संन्यासी संघाचे हे गाजलेले प्रवचनकार 1869 मध्ये संघ सोडून गेले आणि 1872 मध्ये त्यांनी लग्न केले. धर्मनिष्ठ घरांत त्यांचे नाव तिरस्काराने घेतले जाई. 1888 मध्ये स्वतः कार्मेल मठात गेलेली तेरेजा मात्र पत्रात त्यांना ‘आपला भाऊ’ म्हणते. आयुष्यातले शेवटचे कम्युनियन, 19 ऑगस्ट 1897 रोजी, तिने त्यांच्यासाठीच अर्पण केले. ल्वाझों 1912 मध्ये वारले, कॅथलिक चर्चमध्ये न परतताच.

आणि तिसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या अंधाराची. श्रद्धा खरोखरच नसलेली माणसे असतात, हे तिला पूर्वी पटत नसे. ती वरवर बोलतात असे तिला वाटे. 1896 च्या ईस्टरच्या दिवसांत क्षयाने पहिल्यांदा रक्त पडले आणि पाठोपाठ स्वर्गाच्या कल्पनेवर काळोख पसरला. मृत्यूनंतर काहीच नाही, हा विचार तिला सोडीना. 30 सप्टेंबर 1897 ला, चोवीसाव्या वर्षी, ती गेली तोवर तो काळोख पुरता हटला नाही. या दिवसांबद्दल लिहिताना ती म्हणते की, पापी आणि अविश्वासू ज्या पंगतीला बसतात तिथेच आपणही बसलो आहोत, आणि देवाने बोलावल्याशिवाय उठायचे नाही. त्यांच्यासाठी दया मागताना ती ‘त्यांच्यावर’ असे न म्हणता ‘आमच्यावर’ म्हणते. मला या सगळ्यात हेच मोठे वाटते. अविश्वासूसाठीची प्रार्थना खरी होते ती अशी शेजारी बसून.

घरी याचा अर्थ अगदी साधा आहे. ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतोय’ हे जेवताना ऐकवायचे नाही. दार लावून प्रार्थना करा, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली येशूची सूचना इथे नेमकी लागू पडते. त्या माणसाचे आजारपण, नोकरी, संसार हेही मागण्यात यावे. नुसता त्याचा धर्म येऊ नये.

गुड फ्रायडेच्या उपासनेत वसईपासून व्हॅटिकनपर्यंत दहा मागण्या होतात. 1970 च्या मिस्साग्रंथापासून त्यांतली सातवी ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी आणि आठवी देव न मानणाऱ्यांसाठी आहे. आधी हेतू सांगतात, मग सगळे शांत राहतात, मग प्रार्थना म्हटली जाते. आठवीत त्यांच्या दोषांचा पाढा नाही. योग्य ते प्रामाणिकपणे आचरताना त्यांना देव सापडावा, एवढे मागणे आहे. सातवीत तर श्रद्धावंत स्वतःसाठीही मागतात: एकमेकांवर प्रेम करून आम्ही तुझ्या प्रेमाचे अधिक चांगले साक्षी व्हावे.