गर्भिणी पांडु आणि सिकलसेल : तोरणमाळ परिसराच्या अनुषंगाने

सातपुड्याच्या माथ्यावर सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ पर्यटकांना यशवंत तलावामुळे परिचित आहे. आम्हां चिकित्सकांना मात्र ते स्मरते झोळीतून आणल्या जाणाऱ्या गर्भिणींमुळे. भिल्ल व पावरा समाजातील या भगिनींमध्ये पांडुता इतकी सर्रास आढळते की तिला व्याधी मानण्याची सवयच सुटते. फिके डोळे, धाप, पायांवर शोथ दिसला की पुनर्नवा मंडूर किंवा नवायस लोह लिहून मोकळे व्हायचे! या सवयीविषयीच वैद्यबंधू-भगिनींशी आणि औषधालय-चालकांशी बोलावयाचे आहे.

नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २४व्या अध्यायात वर्णिलेल्या आदिबलप्रवृत्त व्याधींच्या गटात तो सहज बसतो. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, तर वाहक असण्याची ५० टक्के असते. म्हणून गर्भिणीसोबत पतीचीही तपासणी आवश्यक ठरते. पांडुतेसह नेत्रांत पीत छटा, बालपणापासून अस्थिसंधींत वारंवार शूल, असा इतिहास मिळाल्यास केवळ रसक्षयावर बोट ठेवून थांबू नये. सोल्युबिलिटी चाचणी सोपी व स्वस्त आहे. परंतु तिने वाहक व रुग्ण यांतील भेद कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी करावी लागते.

रुग्ण स्त्रीच्या गर्भावस्थेत विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म स्रोतसांत अडकतात. हा स्रोतोरोध अपरेतही घडतो. परिणामी गर्भाचे पोषण खुंटते, आणि ग्रंथोक्त उपविष्टक-नागोदराची आठवण व्हावी असे चित्र दिसते. गर्भस्राव, अकाल प्रसव, रक्तदाबवृद्धी व जंतुसंसर्ग यांचा धोकाही वाढतो. सर्वांत फसवे लक्षण उदरशूल होय. तो सिकलसेलचा वेग असेल, प्रसववेदना असतील, अथवा अपरा गर्भाशयापासून सुटत असेल. अशा वेळी वातशामक काढा देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे सर्वथा अयोग्य आहे.

चिकित्सेत आमचा आग्रह असा, की सिकलसेल रुग्णेस लोहकल्प आंधळेपणाने देऊ नयेत. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णेच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते. उलट लोहाची कमतरताही सोबत असू शकते. तेव्हा फेरिटिन पाहूनच निर्णय घ्यावा. केवळ वाहक असलेल्या गर्भिणीच्या शासकीय लोहगोळ्या मात्र बंद करू नयेत. फॉलिक अॅसिड रुग्णेस नित्य हवेच. शरीरातील जलांश घटला की वेग उसळतो, म्हणून विरेचन, तीव्र स्वेदन, लंघन येथे वर्ज्य समजावे. तोरणमाळच्या थंडीत उबदार वस्त्रे व कोमट पाणी यांचे मोल आम्हांस एखाद्या कल्पाहून कमी वाटत नाही. गर्भिणीस हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास तज्ज्ञांना त्वरित कळवावे.

औषधालय-चालकांनीही गर्भिणीसाठी वेदनाशामक मागणाऱ्यास चिठ्ठीविना गोळी देऊ नये. सातव्या महिन्यानंतर अशा अनेक गोळ्या गर्भाच्या हृदय व वृक्कास घातक ठरतात. लोह-मंडुराच्या बाटल्या सहज विकल्या जातात, पण विकण्यापूर्वी ‘सिकलसेल तपासले काय?’ एवढे विचारण्यास वेळ लागत नाही.

तोरणमाळहून शहादा पन्नासहून अधिक किलोमीटर. घाट, त्यात पावसाळा. खुद्द तोरणमाळला ग्रामीण रुग्णालय आहे, तरी रक्ताची गरज पडणाऱ्या सिकलसेल रुग्णेस प्रसूतीच्या तारखेपूर्वीच रक्तपेढी असलेल्या ठिकाणी हलवावे. ऊसतोडीसाठी कुटुंब गुजरातेत जाणार असल्यास तपासणीचा कागद सोबत द्यावा. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून शासकीय तपासणीस बळ मिळाले आहे. परंतु पाड्यावरची गर्भिणी पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येते, आणि तिच्या कार्डावर सिकलसेलचा रकाना कोरा असेल तर तो त्याच दिवशी भरून घेण्याची व्यवस्था करावी.