चिठ्ठीवरची वीस मिनिटं

तीन वर्षांपूर्वी कॉलेजात झालेल्या आरोग्य तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १०८ आली. तपासणाऱ्यांनी "वॉकिंग करत जा" म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली. मी बूट आणले. ते कपाटातच राहिले. गेल्या वर्षी आकडा ११८ झाला तेव्हा मात्र धाबं दणाणलं. याच रोगानं आईची दृष्टी अधू होताना माहेरी मी पाहिली आहे.

उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथं काही दुखत नाही, म्हणूनच माणूस हलत नाही.

सासूबाईंना घेऊन शहापुरातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, "दिवसात मोकळा वेळ कधी असतो?" सकाळी डबे, मग कॉलेज, संध्याकाळी पेपर तपासणं. "आणि रात्री जेवल्यावर?" मालिका, मी कबूल केलं. सासूबाई पदराआड हसल्या. मग डॉक्टरांनी औषधाच्या जागी लिहिलं : रात्री जेवणानंतर २० मिनिटं चालणे, आठवड्यातून पाच दिवस, महिन्यानं वही दाखवणे. पुढं ३० मिनिटं करायची, म्हणजे आठवड्याचे १५० होतात. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हेही त्यांनी समजावलं. सासूबाईंना म्हणाले, "नीव करकोंड होग्री." झालं! सून सासूच्या ताब्यात.

या पद्धतीमागं आधार आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि चालण्याबाबत ज्यांचा सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हेच प्रमाण ३९ टक्के होतं. तेही वजन फारसं न घटता. मला वाटतं, खरी गोम 'पाठपुरावा' या शब्दात आहे. "चाला" सगळेच सांगतात. चाललात का, हे विचारणारा विरळा.

सासूबाई धारवाडकडच्या. पहिल्या आठवड्यात मी दाराशी घुटमळले की "नडी, नडी" म्हणून मागं लागायच्या. कुत्र्यांसाठी हातात काठी. पावसाळ्यात आपल्या बेळगावची झड लागली की आम्ही घरातच, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या फेऱ्यांत त्यांच्या लहानपणच्या ज्या गोष्टी कन्नडमध्ये ऐकल्या, त्या इतक्या वर्षांच्या संसारात कानावर आल्या नव्हत्या.

सहा महिन्यांनी साखर १०६ आली. अजून उंबरठ्यावरच आहे, पण पाऊल मागं वळलंय. डॉक्टरांनी आकड्याआधी वही पाहिली. गणपतीतले सात दिवस कोरे होते.

"मोदक झाले असतील ना?"

"आणि कुंदासुद्धा," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. डॉक्टरांनी काही न बोलता पानाखाली पुढची तारीख घातली.