तळघरांतील ओल

पावसाळा ओसरूं लागला म्हणजे तळघराच्या भिंतींवर पांढरी, मऊ लव दिसूं लागते. पुष्कळ गृहस्थ तिला बुरशी समजून फडक्यानें पुसतात, आणि आठवड्याभरांत ती पुन्हां येते. वस्तुतः भिंतींतून झिरपतांना पाणी चुन्यांतील व विटांतील क्षार विरघळवून आणतें, आणि पाणी उडून गेल्यावर ते क्षार मागें राहतात. ह्यालाच आपण लोणा लागणें म्हणतों. लोणा दिसला कीं भिंतींतून पाण्याची ये-जा चालू आहे, असें निश्चित समजावें.

तथापि प्रत्येक ओल जमिनींतूनच येते असें नाहीं. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस उष्ण व ८० टक्के दमट असली, तर २६ अंशांहून थंड अशा कोणत्याहि पृष्ठभागावर तिच्यांतील बाष्पाचें दंव जमतें. तळघराची भिंत पुष्कळदां तितकी थंड असते. म्हणून ओल सुकावी ह्या हेतूनें श्रावणांत तळघराच्या खिडक्या उघड्या टाकणारा मनुष्य उलट पाणीच घरांत घेतो. परीक्षा सोपी आहे. भिंतीचा हातभर भाग कोरडा पुसून त्यावर प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट बसवावा व दोन दिवसांनीं पाहावा. पाणी तुकड्याच्या बाहेरच्या अंगास असेल, तर तें हवेंतलें. भिंतीकडच्या अंगास असेल, तर तें जमिनींतलें. हवेंतल्या पाण्यास गिलावा नको; हवा कोरडी करणारें यंत्र पुरे.

जमिनींतल्या पाण्याची गोष्ट निराळी. पुण्याकडे बहुतेक ठिकाणीं वर माती, तिच्याखालीं मुरूम व त्याखालीं भेगाळ काळा पाषाण असतो. पावसाचें पाणी ह्या मुरमांतून व भेगांतून वाहूं लागलें कीं तळघर त्याच्या वाटेंत रिकाम्या विहिरीसारखें उभें असतें. भिंतीमागें पाणी २ मीटर चढलें, तर तळाशीं दर चौरस मीटरवर सुमारें २ टन दाब पडतो. दाब बाहेरून येणार आणि रंग लागणार आंतून! दुकानदार कांहींहि सांगो, साधें जलरोधक रोगण अशा ठिकाणीं फोडासारखें फुगतें व पोपडे होऊन गळतें.

आंतून काम करावयाचें, तर काँक्रीटशीं एकजीव होणारें द्रव्य हवें. सिमेंटच्या जातीचे स्फटिकी लेप ह्या कामास योग्य होत. त्यांतील रसायनांचा काँक्रीटमधील मुक्त चुन्याशीं व पाण्याशीं संयोग होऊन सूक्ष्म छिद्रांत सुईसारखे स्फटिक वाढतात. म्हणून लेपापूर्वीं जुना रंग व गिलावा खरवडून काँक्रीट उघडें करावें आणि, नवल वाटेल, भिंत चांगली भिजवावी. कोरड्या भिंतींत हे स्फटिक वाढत नाहींत. भेगेंतून पाणी वाहत असेल, तर ती आधीं इंचभर खोल छिनून तोंडापेक्षां तळाशीं रुंद करावी, आणि तीन ते पांच मिनिटांत घट्ट होणारें शीघ्र सिमेंट रबरी हातमोजे घालून तींत दाबून धरावें. सर्वांत दगाबाज जागा जमीन व भिंत ह्यांचा सांधा. तेथें गवंडी ज्याला वाटा म्हणतात, तो गोलसर गिलावा अवश्य करून घ्यावा.

जुन्या वाड्यांतील दगड-चुन्याच्या तळघरास मात्र हा उपाय करूं नये. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटनें तिचें तोंड बांधलें कीं आंतील पाणी वर चढत तुळयांच्या टोकांपर्यंत पोंचूं शकतें, आणि खालीं सर्व कोरडें दिसत असतां वरचें लांकूड कुजूं लागतें. तेथें गिलावा चुन्याचाच ठेवून पाण्यास वाट द्यावी: कडेनें उथळ नाली, कोपऱ्यांत खड्डा व त्यांत पंप. अर्थात् त्याआधीं पन्हळीचें पाणी पायाशींच पडत नाहीं ना, हें बाहेर जाऊन पाहावें. तो दोष फार थोड्या खर्चांत दूर होतो.

लेपानें झिरप थांबते. जिन्यावरून येणारा लोंढा थांबत नाहीं. २७ जुलै २०२४ रोजीं दिल्लींत एका तळघरांतील अभ्यासिकेंत पावसाचें पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तेव्हां कोरड्या झालेल्या तळघरांत मुलांची अभ्यासाची खोली करण्याचा बेत असेल, तर वर येण्यास दुसरी वाट आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. विजेचा मुख्य खटका वरच्या मजल्यावर घ्यावा, आणि पाणी शिरल्यास तो बंद केल्यावांचून कोणींहि खालीं पाय ठेवूं नये.