‘पास आउट’ कोण होतं?

‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे वाक्य आपल्याकडच्या बायोडेटांत सर्रास दिसतं. लिहिणाऱ्याला पदवी मिळाल्याचं सांगायचं असतं. लंडनमधला वाचणारा मात्र थबकतो: २०१९मध्ये हा बेशुद्ध कशाने पडला?

शुद्ध हरपणे

ब्रिटन-अमेरिकेत ‘पास आउट’चा रोजच्या बोलण्यातला अर्थ हाच. उन्हाने भोवळ येऊन पडणं, रक्त बघून कोसळणं, जास्त झाल्यावर सोफ्यावरच आडवं होणं. ‘फेंट’ म्हणजे थोड्या वेळाची मूर्च्छा. दारू पिऊन पडलेल्याला तो शब्द सहसा लावत नाहीत. कारण सांगताना ‘फ्रॉम’ येतं: ‘ही पास्ड आउट फ्रॉम द हीट’. आपणही कॉलेजच्या नावाआधी ‘फ्रॉम’च लावतो, म्हणजे शुद्ध हरपली ती कॉलेजमुळे! (काहींच्या बाबतीत ते अगदीच खोटं नसेल.)

संचलनाचा अर्थ

तरीही आपला वापर हवेतून आलेला नाही. लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं याला ब्रिटिश इंग्रजीत ‘पास आउट’च म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर होते ती ‘पासिंग आउट परेड’, वर्तमानपत्रांच्या भाषेत दीक्षान्त संचलन. मे २०२५मध्ये तिथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या ‘पास आउट’ झाल्या, हे इंग्रजांच्या इंग्रजीतही चोख. संचलनात कुणी उन्हाने कोसळलं, तर दोन्ही अर्थ एकाच मैदानावर!

भारतात हाच शब्द कॉलेजांनाही लागू झाला. नोकरीच्या जाहिरातींत तर ‘२०२४ पासआउट’ असं त्याचं नामच झालं आहे. मी त्याला चूक म्हणणार नाही. ते भारतीय इंग्रजी आहे.

वाटणे

कागद वगैरे लोकांना वाटणं, हा ‘पास आउट’चा मुख्यतः अमेरिकी अर्थ. इथे कर्म लागतं आणि सर्वनाम मध्येच बसतं: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ चालत नाही.

मग लिहायचं काय?

इथल्या कंपनीला अर्ज करताना ‘पास आउट’ खुशाल लिहावं. परदेशी विद्यापीठाला लिहिताना पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’. नुसती परीक्षा पास झाल्याचं सांगायचं असेल, तर ‘आय पास्ड द एक्झाम’. तिथे ‘आउट’ नको.