मुलाचा कॅन्सर : रक्ताच्या रिपोर्टमधले ‘अल्ब्युमिन’ काय सांगते?

डहाणू, तलासरीतल्या मुलाला कॅन्सर झाल्याचे निदान झाले, की अनेक कुटुंबे शंभरहून अधिक किलोमीटरवरचे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. केमोथेरपी सुरू होण्याआधी तिथे मुलाचे पोषणही तपासले जाते. कारण कुपोषित मुलाला औषधांचा त्रास जास्त होतो.

अल्ब्युमिन म्हणजे काय?
यकृतात तयार होणारे हे रक्तातले प्रथिन. साधारण प्रमाण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. ते फार घटले की अंगावर सूज येते, पोटात पाणी साचते. मेथोट्रेक्सेटसारखे औषध या पाण्यात अडकून हळूहळू रक्तात परतते. मग तोंड येणे, पेशी घटणे असे त्रास लांबतात.

आकडा कमी म्हणजे कुपोषणच का?
नाही. जंतुसंसर्गातही अल्ब्युमिन घटते. ल्युकेमियातले अ‍ॅस्परॅजिनेज औषधही ते घटवते. म्हणून डॉक्टर सोबत सीआरपी पाहतात. अल्ब्युमिन सावकाश बदलते, त्यामुळे दोन दिवस अंडी खाऊन आकडा वाढत नाही.

मग वजन पुरेसे नाही का?
पोटातली मोठी गाठ किंवा सूज वजन फुगवते. अशा वेळी अंगणवाडीतली दंडाची पट्टी जास्त खरे सांगते. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण.

सुधारणा होते का?
होते. ग्वाटेमालातल्या ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या अभ्यासात, उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्यांचे पोषण सुधारले, त्यांचे जगण्याचे प्रमाण सुरुवातीपासून सुपोषित मुलांच्या जवळपास आले.

घरी काय पाळावे?
• डाळ-भात, अंडी, मासे, नाचणी ताजे आणि पूर्ण शिजवून द्या. थोडे थोडे, अनेकदा.
• फार खंगलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकते.
• लोहाच्या गोळ्या, फॉलिक अ‍ॅसिड, टॉनिक किंवा झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
• केमोथेरपीच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टाटातल्या डॉक्टरांना फोन करा, केसपेपर घेऊन लगेच जवळचे सरकारी रुग्णालय गाठा आणि केमोथेरपी चालू असल्याचे आधी सांगा.