रुंद लॅमिनेशन गुळगुळीत का येत नाही?

भोकर, हिमायतनगर, उमरी या भागात दुकानाची पाटी म्हणजे पेंटरचे काम, अशी स्थिती अनेक वर्षे होती. या कामात आपल्या समाजातील कारागिरांचा हात चांगला होता. मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरे ते एकाच ब्रशने वळवीत. २००० नंतर फ्लेक्स आला, मागोमाग व्हिनाइल आणि सनबोर्ड आले, आणि कित्येक पेंटरांच्या मुलांनी ब्रश ठेवून संगणक हाती घेतला. आता त्यातले काही जण चार-पाच फुटी लॅमिनेशन मशीन घेऊ लागले आहेत. नुसते व्हिनाइल प्रिंट आपल्याकडच्या उन्हात लवकर फिके पडते, हात लागून घासते. वर फिल्म चढविली की ते टिकते आणि दरही बरा मिळतो. पण मशीन आणली म्हणजे काम गुळगुळीत निघेल, हा समज खोटा आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. मे महिन्यात एका शिकवणी वर्गाचे आठ सनबोर्ड आमच्याकडे आले. सकाळी द्यायचे होते, म्हणून संध्याकाळी प्रिंट काढले आणि त्याच रात्री फिल्म लावली. काम काचेसारखे दिसत होते. चौथ्या दिवशी ग्राहक परत आला. कडा उचलल्या होत्या आणि मधे फोड आले होते. आठही बोर्ड पदरमोड करून पुन्हा करून दिले. व्हिनाइल गेले, फिल्म गेली, शाई गेली, आणि ज्या दिवशी दुसरी कामे करायची तो दिवसही गेला. आमच्या ओळखीचे एक वृद्ध पेंटर ते बघून एवढेच म्हणाले, "ओल्या रंगावर वार्निश मारलंस बेटा." आम्ही यंत्राचे पुस्तक वाचले होते, पण ही गोष्ट त्यांच्याइतक्या थोडक्यात आम्हांला कोणी सांगितली नव्हती.

सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाई वरून कोरडी दिसते, तरी तिच्यातले द्रावण व्हिनाइलच्या आत मुरलेले असते आणि ते हळूहळू बाहेर पडते. वर फिल्म बसली की त्याची वाट बंद होते. मग ते गोंद मऊ करते, फोड आणते, कडा उचलते. म्हणून प्रिंट काढल्यावर किमान २४ तास, गडद रंग जास्त असतील तर ४८ तास, ते मोकळे ठेवावे. घट्ट गुंडाळून ठेवले तर आतल्या वेढ्यांना हवा लागत नाही आणि ते दोन दिवस फुकट जातात. सैल गुंडाळी करून उभी ठेवावी किंवा टेबलावर पसरावी. नाकाजवळ धरून उग्र वास आला तर समजावे की अजून वेळ आहे. लेटेक्स शाई मशीनमधून कोरडी होऊनच निघते, तिला ही थांबण्याची अट नाही. ग्राहकाला तारीख देतानाच हे दोन दिवस धरावेत. "उद्या देतो" हा शब्द आपल्या धंद्यात फार महाग पडतो.

दुसरे कारण रोलरच्या दाबाचे. दोन्ही टोकांना दाब सारखा नसेल तर फिल्म एका बाजूला ओढली जाते आणि तिरक्या चुण्या पडतात. तपासणी सोपी आहे. एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापाव्यात. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला रोलरमध्ये धरून रोलर खाली आणावा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या ओढून पाहाव्यात. एक सहज निघते, दुसरी अडते, म्हणजे दाब असमान आहे. ज्या बाजूला सैल आहे तिकडचा स्क्रू थोडा थोडा फिरवून पुन्हा पाहावे. काही जण चुणी दिसली की दोन्ही बाजूंनी दाब वाढवीत जातात. लांब रोलर टोकांना फार दाबला की मधे किंचित वाकतो, मधली जागा सैल राहते, आणि चुण्या कमी होण्याऐवजी वाढतात. सनबोर्डसारखी जाड वस्तू घालण्यापूर्वी तिच्याच जाडीचा तुकडा आधी चालवून रोलरमधले अंतर ठरवावे.

फिल्मच्या रोलला जो ब्रेक असतो तो फक्त रोल मोकाट फिरू नये इतकाच आवळावा. जास्त आवळला तर फिल्म ताणून चिकटते. ताणलेली फिल्म नंतर आकसते आणि तयार माल फिल्मच्या बाजूला वळतो. ग्राहक म्हणतो बोर्ड वाकडा आहे, आपण म्हणतो सनबोर्ड हलका आला. चूक दोघांची नसते, ब्रेकची असते.

फिल्म शक्यतो व्हिनाइलपेक्षा किंचित अरुंद घ्यावी. बाजूने बाहेर राहिलेला गोंद खालच्या रोलरला लागतो आणि मग तो पुसण्यात अर्धा दिवस जातो. अरुंद फिल्म मिळाली नाही तर खाली रुंद कागद चालवावा. सुरुवातीला प्रिंटपुढे जाड पुठ्ठा लावून तो आधी रोलरमध्ये घालावा. पुठ्ठा सरळ गेला की प्रिंट त्यामागे सरळ जाते. पहिली हातभर लांबी अगदी सावकाश चालवावी. तिथे तिरपे गेलेले पुढे दहा फुटांवर चार बोटे सरकलेले दिसते. एकदा सुरू केल्यावर मधेच थांबू नये, थांबलेल्या जागी आडवी रेघ उमटते. फोन वाजला तर वाजू द्यावा. आणि हात, ओढणी, सैल बाही रोलरपासून दूर असावी. दुकानात लहान मुले येतात, त्यांना तर मशीनजवळ उभे करूच नये.

धुळीबद्दल काय सांगावे! आपल्याकडे फेब्रुवारीपासून वाराच असा येतो की दुकानाच्या शटरखालून माती आत येते. कोरड्या हवेत फिल्म उलगडताना तिच्यात वीज भरते आणि ती आजूबाजूची धूळ ओढून घेते. फिल्मखाली अडकलेला एक कण वरून डोळ्याला टोचतो. आम्ही काम सुरू करण्यापूर्वी फरशीवर पाणी शिंपडून ओला पोछा मारतो, पंखा बंद करतो आणि प्रिंट धागे न सोडणाऱ्या मऊ कापडाने पुसतो. मशीनला अर्थिंग आहे की नाही, हे वीजमिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

फिल्म लावल्यावर गडद रंगावर चंदेरी झाक दिसते, विशेषतः काळ्या आणि निळ्या भागावर. ही बारीक हवा असते. गोंद शाईच्या खडबडीत पृष्ठभागात पूर्ण शिरलेला नसतो. मशीनला वरचा रोलर गरम करण्याची सोय असेल तर ४० ते ४५ अंशांवर ठेवून वेग कमी करावा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गोंद कडक असतो, तेव्हा ही झाक जास्त येते. अशा वेळी फिल्मचा रोल आदल्या रात्रीच आतल्या खोलीत आणून ठेवावा. थोडी झाक एक-दोन दिवसांत आपोआप जाते, म्हणून लगेच माल फेकू नये.

आणखी एक खूण सांगतो, तिने आमचा बराच त्रास वाचला. ठरावीक अंतरावर तोच फोड किंवा तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर दोष प्रिंटमध्ये नाही, रोलरवर आहे. रोलरचा व्यास १०० मि.मी. असेल तर त्याचा परीघ सुमारे ३१४ मि.मी. होतो. दर ३१४ मि.मी.वर डाग आला की रोलर बंद करून हात फिरवून पाहावे, चिकटलेला गोंदाचा कण सापडेल. तो नखाने किंवा ब्लेडने खरडू नये. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावा. थिनर लावू नये, सिलिकॉनचा रोलर त्याने फुगतो. आणि रोलरवर ठेवून कटर चालविणाऱ्या कारागिराला पहिल्याच दिवशी समज द्यावी. तिथे पडलेली चीर रोलर बदलेपर्यंत प्रत्येक मालावर छापली जाते.

खर्चाचा हिशेबही नीट करावा. ४ फुटी, ५० मीटरच्या रोलमध्ये सुमारे ६५६ चौरस फूट फिल्म असते. पण प्रत्येक वेळी सुरुवातीला आणि शेवटी मिळून दीड फूट तरी वाया जातो. पाच लहान कामे वेगवेगळी चालविली तर ३० चौरस फूट गेले, पाचही एकामागे एक लावून एकाच वेळी चालविली तर ६. म्हणून आम्ही बुधवार आणि शनिवार, असे दोनच दिवस लॅमिनेशनला ठेवले आहेत. त्यामुळे प्रिंट वाळायलाही वेळ मिळतो. घाईचे काम आले तर आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो की फिल्म नको, तसेच न्या. काही जण नाराज होऊन नांदेडला जातात. शिकवणी वर्गाचे गृहस्थ मात्र पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणि या वेळी त्यांनी काम आठ दिवस आधी दिले.

रात्री दुकान बंद करताना रोलर उचलून ठेवायचा असतो. दाबलेला राहिला तर त्याला चपटेपणा येतो. आमच्याकडे हे काम शटर ओढणाऱ्याचे आहे, चावी त्याच्याच हातात असते.