शरदातील कसोटी
अमेरिकी बेसबॉलमध्ये मेजर लीग या सर्वोच्च स्तराखाली मायनर लीगची उतरंड असून, तिच्यातील होतकरू खेळाडूंना, म्हणजेच ‘प्रॉस्पेक्ट’ना, हंगामानंतरही कसदार सामने मिळावेत यासाठी १९९२ साली अ‍ॅरिझोना फॉल लीग सुरू झाली. फिनिक्स परिसरातील सहा संघांच्या या स्पर्धेत मेजर लीगचे तीसही क्लब निवडक खेळाडू धाडत असल्याने प्रत्येक संघात पाच क्लबांचे खेळाडू एकत्र येतात. वाळवंटातील कोरड्या हवेत चेंडू दूर जात असल्यामुळे फलंदाजांचे आकडे फुगतात. म्हणून ‘स्काउट’, म्हणजे क्लबांचे गुणपारखी, धावांपेक्षा फेकीचा वेग आणि चेंडू पारखण्याची क्षमता यांना अधिक महत्त्व देतात. नियमांचीही येथे चाचणी होते: २०१४ साली अजमावलेले ‘पिच क्लॉक’, म्हणजे फेकीला वेळमर्यादा घालणारे घड्याळ, २०२३ पासून मेजर लीगमध्ये लागू झाले.